फ्रीजमध्ये बिघडलेलं प्रथिन

मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत मी ग्रिडचे, म्हणजे नमुन्याचा थेंब ठेवायच्या बारीक जाळीचे, चौकोन एकामागून एक सरकवत होते, आणि सगळीकडे नुसता भुगा. कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींना बिलगून असतात. युरेनियमच्या क्षाराने रंगवल्या की त्या लवंगेसारख्या दिसतात: वर फुगीर डोकं, खाली निमुळता देठ. आठ दिवसांपूर्वी याच नळीतल्या थेंबात लवंगाच लवंगा होत्या.

हे स्पाइक साधं नव्हतं. 986 आणि 987 या जागांवरची मूळची अमिनो आम्लं काढून तिथे प्रोलीन बसवलेलं. प्रोलीन ताठर असतं, त्यामुळे पेशीत घुसताना स्पाइक जे लांबुडकं रूप घेतं, ते त्याला घेता येत नाही. लशीला हवं असतं घुसण्याआधीचं रूप; विषाणूला अडवणाऱ्या बहुतेक अँटिबॉडीज त्यालाच चिकटतात. 2017 साली मर्सच्या, म्हणजे कोरोनाच्याच कुळातल्या दुसऱ्या एका विषाणूच्या, स्पाइकवर दाखवलेली ही युक्ती पुढे फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत गेली.

मी आधी स्वतःलाच दोष दिला. प्रथिन शुद्ध करायचा कॉलम नीट धुतला नसेल, ते ज्यात ठेवतो त्या द्रावणाचा, बफरचा, पीएच चुकला असेल. वह्या काढून बसले. सर आले, पडद्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "नळी होती कुठे?"

"फ्रीजमध्ये. चार अंशांवर."

"मग बरोबर आहे."

प्रथिन म्हटलं की बर्फात, हे आमच्या हातात इतकं भिनलंय की मला प्रश्नच कळला नाही. ड्यूक विद्यापीठातल्या गटाने 2021 मध्ये दाखवलं होतं, की हे स्पाइक चार अंशांवर ठेवलं तर ढिलं पडतं. प्रथिनाचे पाणी टाळणारे भाग एकमेकांना धरून असतात. थंडीत ती पकड सैल होते. (एमआरएनए लशीच्या अतिथंड साठवणीशी याचा संबंध नाही. तिथे स्पाइक आपल्या अंगात, 37 अंशांवरच तयार होतं.)

सरांच्या सांगण्यावरून नळी तीन तास 37 अंशांवर ठेवली. संध्याकाळी नवीन ग्रिड, चिमट्याने धरताना हात जरा थरथरतच होता. पहिल्याच चौकोनात लवंगा! सगळ्या नाहीत, मध्येमध्ये भुगा होताच, पण मोजण्याइतक्या नक्की.

आनंद झाला, आणि लगेच पोटात गोळाही आला. मार्चमधली एक अख्खी बॅच असाच भुगा दिसला म्हणून मी ब्लीचमध्ये ओतली होती.