बुडापेस्टमधले ओची काका

बुडापेस्टच्या मेट्रोत लाल मार्गावर हंगेरीचे महान फुटबॉलपटू 'पुश्काश फेरेन्त्स' यांच्या नावाचं स्टेशन आहे. हंगेरीत आडनाव आधी, नाव नंतर, अगदी आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. जग ज्यांना फेरेन्त्स पुश्काश म्हणतं, त्यांचं घरचं नाव मला इथे येऊन कळलं. त्यांचं लाडाचं नाव 'ओची', म्हणजे धाकटा भाऊ. म्हातारपणी लोक त्यांना 'ओची बाची' म्हणत. बाची म्हणजे काका. आपल्याकडे घरातला बाळ साठीला बाळकाका होतो, तसंच हे.

स्टेशनातून वर आलो की समोर पुश्काश अरेना. 2019 साली उघडलेलं, सुमारे 67 हजार प्रेक्षकांचं. याच जागी जुनं नेपस्टॅडिओन, जनतेचं स्टेडियम, 1953 च्या ऑगस्टमध्ये उभं राहिलं होतं. सामना नव्हता, फाटक बंद होतं, तरी मी बराच वेळ बाहेर फिरत राहिलो. 23 मे 1954 ला इथेच हंगेरीने इंग्लंडला 7-1 ने धुतलं. त्याआधी सहा महिने वेम्बलीवर 6-3. तोवर ब्रिटनबाहेरचा एकही संघ इंग्लंडला वेम्बलीवर, म्हणजे लंडनमधल्या त्यांच्या घरच्या मैदानावर, हरवू शकला नव्हता. त्या सामन्यात हंगेरीच्या हिदेगकुतींच्या पाठीवर 9 आकडा होता, म्हणजे आघाडीच्या खेळाडूचा, पण ते पुढे थांबायचेच नाहीत. मागे सरकून खेळायचे. त्यांच्यामागे जावं की जागा धरावी, हे इंग्लंडच्या बचावपटूला शेवटपर्यंत उमगलं नाही आणि हिदेगकुतींनी तीन गोल केले. आज प्रत्येक प्रशिक्षक ज्या युक्तीबद्दल बोलतो, ती या माणसाने तेव्हा मैदानात उतरवली होती. मला या संघातला सर्वांत मोठा खेळाडू पुश्काश वाटतात, पण सर्वांत हुशार हिदेगकुतीच.

हंगेरीच्या या 'सोनेरी संघा'चा आपल्याशीही एक धागा आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 ने हरवलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात 2-0 ने हरवून हंगेरीने सुवर्णपदक घेतलं.

मग स्वित्झर्लंडमधलं बर्न, 4 जुलै 1954. विश्वचषकाचा अंतिम सामना. ज्या पश्चिम जर्मनीला गटात 8-3 ने हरवलं होतं, तेच समोर. पुश्काशांचा घोटा त्या गटसामन्यातच दुखावला होता, तरी ते उतरले. आठ मिनिटांत 2-0, आणि शेवटी 2-3. पुश्काशांनी अखेरच्या मिनिटांत बरोबरीचा गोल मारला, तो ऑफसाइड ठरला. 1950 पासून न हरलेला संघ नेमका त्या दिवशी हरला. जगज्जेतेपद हंगेरीला कधीच मिळालं नाही. 1938 चाही अंतिम सामना इटलीकडून 4-2 ने गेला होता.

पण माझ्या मते संघ बर्नला संपला नाही. तो 1956 ला संपला. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा पुश्काशांचा होन्वेद क्लब युरोपियन चषकासाठी परदेशी होता. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतलेच नाहीत. पुश्काश पुढे रियाल माद्रिदला, बाकीचे दोघे बार्सिलोनाला. 85 सामन्यांत 84 गोल करणारा माणूस हंगेरीसाठी पुन्हा कधीच खेळला नाही. मायदेशी पाऊल ठेवायला त्यांना 1981 उजाडलं.

दुपारी सेंट स्टीफन बॅसिलिकात गेलो. हंगेरीच्या पहिल्या राजाचा उजवा हात तिथे जपून ठेवलाय. त्याच वास्तूच्या तळघरात डिसेंबर 2006 मध्ये पुश्काशांना पुरलं. राजाच्या चर्चमध्ये बुडापेस्टच्या किश्पेश्त वस्तीत वाढलेला मुलगा. मी हात जोडले. तिथे दुसरं काही सुचेना.

संध्याकाळी शहराच्या ओबुदा भागात बेच्सी रस्त्यावरचा त्यांचा पुतळा गाठला. पोट सुटलेले पुश्काश पायावर चेंडू खेळवताहेत आणि भोवती पोरं जमली आहेत. तो एका जुन्या फोटोवरून घडवलाय. फोटो माद्रिदच्या रस्त्यावरचा. ब्राँझमधली ती पोरंही माद्रिदचीच.