शिनदेनचं नाक उचलायला लागलेले तीन आठवडे

संगणकावर बनवलेल्या माझ्या विमानाचं नाक धावपट्टीवरून धड उचललं जावं, एवढ्यासाठी माझे तीन आठवडे गेले. बाहेरचा आकार, रंग, कॉकपिट हे सगळं आधीच झालं होतं आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण या तीन आठवड्यांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

विमान म्हणजे जपानचं क्युशू जे७डब्ल्यू शिनदेन. अमेरिकेची बी-२९ बॉम्बर पाडण्यासाठी आखलेलं. इंजिन वैमानिकाच्या मागे, सहा पात्यांचा प्रॉपेलर शेपटीला, मोठे पंख मागे आणि छोटे पंख नाकाजवळ. नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा. ऑगस्ट १९४५ मध्ये ते सगळं मिळून पाऊण तासाच्या आसपास उडालं आणि युद्ध संपलं. एवढ्याशा आयुष्याचं हे विमान मला एक्स-प्लेन या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उडवायचं होतं, तेही फुकुओकाच्या विमानतळावरून, कारण खरं शिनदेन त्याच जमिनीवरून उडालं होतं.

एक्स-प्लेन पंखाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचं बल मोजतो. आकार बरोबर दिला की विमान बरोबर उडेल, अशी माझी समजूत होती. त्यातल्या विमान बनवायच्या प्लेन मेकरमध्ये गुरुत्वमध्य विचारतात तिथे मी सवयीने मोठ्या पंखाच्या रुंदीचा पुढून पाव भाग धरला. नेहमीच्या विमानाला हे चालतं. शिनदेनने वेग घेतला, नाक वर केलं आणि ते वरच जात राहिलं. प्रॉपेलर जमिनीवर आपटला, इंजिन बंद. वीस वेळा तेच.

चूक कळायला चार दिवस लागले. पुढचे छोटे पंखही वजन उचलतात, त्यामुळे अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या पंखाच्या बराच पुढे लागतो. मग मी तो दोन-दोन इंच पुढे सरकवत गेलो. आता उलटंच झालं. नाक उचलेचना. फुकुओकाची २८०० मीटर धावपट्टी संपायची आणि विमान गवतात जायचं. रोज ऑफिसहून आलो की जेवणाआधी सात-आठ वेळा हेच. विमान आपोआप तोलून धरणारा कृत्रिम स्थैर्याचा पर्याय चालू केला असता तर पाच मिनिटांत उडालं असतं, पण १९४५ च्या विमानात संगणक नव्हता. मला ते नकोच होतं.

शेवटी मामाला फोन केला. तो ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालाय. सगळं ऐकून म्हणाला, "गुरुत्वमध्य राहू दे रे. चाकं कुठे बसवलीस ते सांग. नुसतं बघून बसवलीस ना?"

खरंच तसंच होतं. तीन चाकांच्या विमानात मागची दोन चाकं गुरुत्वमध्याच्या थोडीच मागे असतात, पुढच्या चाकावर दहा टक्क्यांच्या आसपास भार यावा इतकीच. मी गुरुत्वमध्य पुढे ढकलला आणि चाकं होती तिथेच ठेवली. मधलं अंतर वाढलं, आणि तेवढा भार उचलण्याची ताकद छोट्या पंखांत नव्हती. मी बाजूच्या दृश्याचं ड्रॉइंग ए३ कागदावर छापलं, पट्टी घेऊन बसलो आणि ९.६६ मीटर लांबीच्या प्रमाणात चाकांची जागा मोजली. चाकं तब्बल सव्वा फूट मागे पडली होती! ती पुढे आणली आणि गुरुत्वमध्य त्यांच्यावरून ठरवला. तुम्ही असं विमान करत असाल तर आधी चाकं मोजा, मग बाकीचं.

एक राहिलंच. उभ्या शेपट्यांच्या खाली दोन छोटी चाकं असतात. मला ती बेढब वाटली म्हणून मी गाळली होती. जुलै १९४५ मध्ये डिझायनर त्सुरुनो स्वतः विमान धावपट्टीवर पळवत होते तेव्हा नाक जास्त वर गेलं आणि प्रॉपेलरची टोकं जमिनीवर आदळून वाकली. त्यानंतर ती चाकं बसवली गेली. माझं विमान वीस वेळा जसं आपटलं, अगदी तसंच त्यांचंही आपटलं होतं. हे वाचलं आणि त्याच रात्री ती चाकं लावली.

रविवारी पहाटे नाक अलगद उठलं, मागची चाकं सुटली आणि फुकुओका खाली राहिलं. मी बायकोला हाका मारून उठवलं. मामाला व्हिडिओ पाठवला, त्याने तो चार वेळा पाहिला म्हणे.

प्रॉपेलर कुठल्या दिशेने फिरतो तेही आधी तपासा. माझी दिशा उलटी होती, त्यामुळे विमान डावीकडे ओढत होतं. ३ ऑगस्टच्या पहिल्या उड्डाणात खऱ्या विमानाने उजवीकडे जोरात ओढ घेतल्याची नोंद आहे. आता माझंही उजवीकडेच ओढतं.