सात मीटरचा चढ

पादचारी आणि सायकलस्वारांसाठी बांधलेल्या पुलावर उद्घाटनाच्या दिवशी जेवढी गर्दी होते तेवढी पुढे बहुधा कधीच होत नाही. त्यामुळे आम्हा अभियंत्यांसाठी तो समारंभ कमी आणि भारचाचणी जास्त असते. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला, माणसांच्या पावलांनी आडवा डोलू लागला, दोन दिवसांत बंद करावा लागला आणि डॅम्पर, म्हणजे डोलणे शोषून घेणारी उपकरणे, बसवून पुन्हा खुला होईपर्यंत २००२ साल उजाडले. तेव्हापासून पादचारी पुलाच्या उद्घाटनाला कोणताही शहाणा अभियंता निर्धास्तपणे जात नाही. मीही रेल्वेमार्गावरच्या या नव्या पुलावर सकाळपासून कंपनमापक लावून बसलो होतो. बांधकामाची देखरेख माझ्याकडे होती. आराखडा दुसऱ्या कार्यालयाचा होता.

पूल हलला नाही, आणि याचे मला आश्चर्य वाटले नाही. चालणाऱ्या माणसांच्या पावलांचा उभा ठेका सेकंदाला सुमारे दोन आणि आडवा त्याच्या निम्मा असतो, आणि आमचा ४० मीटरचा पोलादी गर्डर, म्हणजे पुलाची मुख्य तुळई, त्या ठेक्याला साथ देण्याइतका लवचीक नव्हताच. तो ज्या रात्री बसवला ती रात्र मात्र सांगण्यासारखी आहे. गाड्या थांबवणे आणि ओव्हरहेड तारेतला २५ किलोव्होल्टचा प्रवाह बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचा ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळेपुरती बंदची परवानगी, एकाच वेळी मिळाल्याशिवाय क्रेनचा हात तारेकडे वळवता येत नाही. प्रवाह बंद झाल्याचा निरोप पुरत नाही. तारेला कामाच्या दोन्ही बाजूंनी, वीज जमिनीत उतरवणारे अर्थिंगचे दांडे लागलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, परवान्यावर सही घ्यायची, आणि मगच दोर ताणायचे. गर्डर खांबांवरच्या बेअरिंगवर, म्हणजे आधाराच्या बैठकीवर, टेकताना एका टोकाला तो जखडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला सरकता ठेवावा लागतो, कारण तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर एवढ्या लांबीचे पोलाद सुमारे १९ मिलिमीटर वाढते. त्या सांध्यावरची झाकणपट्टी गुळगुळीत पोलादाची असेल तर पहिल्या पावसात सायकल घसरते, म्हणून मी ती खरबरीत लेपाची करून घेतली. खरेदी विभागाने यावर घातलेला वाद आठवला की अजूनही चीड येते.

दहाच्या सुमारास मान्यवर आले. ते जिन्याने चढले, फीत कापली, पूल सुरक्षित आणि सोयीचा असल्याचे सांगितले आणि जिन्यानेच उतरले. रॅम्पवर एकाचेही पाऊल पडले नाही. त्याच मुहूर्तावर खालचे रेल्वे फाटक कायमचे बंद झाले आणि दोन्ही बाजूंना कुंपण लागले. फाटक बंद करणे योग्यच होते. समपातळीवरून रूळ ओलांडताना माणसे मरतात, आणि येणाऱ्या गाडीचा वेग नजरेने जोखता येतो हा लोकांचा आत्मविश्वास मला आजवर कोणत्याही फलकाने कमी करता आलेला नाही.

गर्दी ओसरल्यावर एक वयस्क गृहस्थ कॅरियरवर पोते बांधलेली सायकल ढकलत रॅम्प चढताना दिसले. दुसऱ्या वळणाच्या सपाटीवर ते थांबले. मी मदतीला गेलो, तेव्हा त्यांनी मला विचारले, “साहेब, खालचं फाटक आता कधीच उघडणार नाही का?” मी नाही म्हणालो. “मग हा चढ रोजचाच म्हणायचा,” ते म्हणाले, आणि पुन्हा ढकलू लागले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच की काय, मला उत्तर सुचले नाही.

त्यांचा हिशेब असा आहे. विजेच्या तारेसाठी रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत साडेसहा मीटर मोकळे ठेवले आहेत. त्यावर पुलाची जाडी धरली की चालायची पातळी सात मीटरवर जाते. वीसास एक या उताराने तेवढे चढायला १४० मीटर लागतात, मधल्या सपाट्या मिळून दीडशेच्या वर, आणि पलीकडे उतरायला पुन्हा तेवढेच. पूर्वी एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत अंतर होते २० मीटर. भुयारी मार्ग केला असता तर माणसाच्या डोक्यावर अडीच-तीन मीटर आणि रुळाखालच्या बांधकामाला साधारण एक मीटर, म्हणजे चारच्या आत भागले असते. शिवाय सायकलस्वार आधी उतरतो आणि त्याच वेगाचा थोडा भाग वापरून पलीकडे चढतो, तर पुलावर त्याला सारा चढ आधी पायांनी भरावा लागतो. भुयार नाकारण्याची कारणे खोटी नव्हती: पाणी साचते, पंप चालवावे लागतात, रात्री तिथून जायला लोक घाबरतात, आणि चालत्या रुळांखाली भुयाराची काँक्रीटची पेटी सरकवायला लागणारे ब्लॉक फार लांब असतात. तरीही बैठकीतल्या तुलनात्मक तक्त्यात खर्च, कालावधी आणि ब्लॉकचे तास असे रकाने होते. ओलांडणाऱ्याला किती चढावे लागेल याचा रकाना नव्हता. गाडीला लागणारी उंची माणसाने चढायची, हे कोणी ठरवले नाही. ते गृहीत धरले गेले.

जिन्याची गोष्ट वेगळी, तिथे मात्र केवळ निष्काळजीपणा आहे. ४४ पायऱ्यांच्या कडेने सायकल ढकलण्यासाठी पन्हळ दिली आहे, पण आराखड्यात ती कठड्याला इतकी चिकटून काढली आहे की चाक पन्हळीत ठेवले की पॅडल आणि हँडल कठड्यावर आपटतात. मी पत्र लिहिले होते. पन्हळ बाहेर घेतल्यास जिन्याची मोकळी रुंदी कमी होईल, असे उत्तर आले. उद्घाटनाच्या दुपारी एका तरुणीने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन चढली. बघणाऱ्यांनी तिचे कौतुक केले.

संध्याकाळी कुंपणाची एक जाळी खालून वाकवलेली आढळली. मी ती पुन्हा बांधून घेतली आणि रखवालदार बसवला. यावर दुसरे मत असू शकत नाही. लोकांना शिस्त नाही, असे तिथे उभे असलेले सहकारी म्हणाले. त्यातले कोणी पोते लादलेली सायकल घेऊन वर गेले नव्हते.

त्रुटींच्या यादीत मी दोन नोंदी केल्या. पन्हळ कठड्यापासून बाहेर सरकवण्याची नोंद मान्य झाली असून त्याचे मोजमाप सुरू आहे. दोन्ही टोकांना सायकल मावेल एवढी लिफ्ट असावी ही दुसरी नोंद, ती बांधकामातील त्रुटी ठरत नाही, या शेऱ्यासह परत आली. शेरा नियमाला धरून आहे, म्हणून ती आता मी स्वतंत्र प्रस्ताव म्हणून पाठवली आहे, आणि त्यातल्या तक्त्यात चढाचा रकाना सर्वांत आधी घेतला आहे.