दोन कॅचर आणि बेंचवरची एक खुर्ची

आमच्या ऑफिसच्या फॅन्टसी बेसबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळतात) जुना नियम अजून पाळतात: प्रत्येक टीमला कॅचर दोन हवेत. खेळणारे आम्ही बारा जण, म्हणजे कॅचर लागतात चोवीस. खऱ्या बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये टीम आहेत तीस, प्रत्येकीचा मुख्य कॅचर एक. रेशनच्या दुकानासारखी रांग लागणारच. ड्रीम११ मध्ये एक कीपर घेतला की सुटलो, अशी सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे पहिल्या वर्षी झेपलंच नाही.

कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षकच, पण त्याच्या गुडघ्यांचे हाल जास्त. रात्री सामना खेळला की दुसऱ्या दिवशी दुपारी तो बहुतेक वेळा बसतो. मोसम १६२ सामन्यांचा, पण त्यातले एकशेतीस तो खेळला तरी आपण खूश.

२०२४ च्या लिलावात प्रत्येकाकडे तेवीस खेळाडूंसाठी २६० डॉलर होते (खेळातले, खरे नव्हे, बायकोलाही हेच सांगितलं आहे). मी फिलाडेल्फियाचा कॅचर जे.टी. रिअलम्यूटोवर १९ आणि सेंट लुईस कार्डिनल्सचा कॅचर विल्सन कॉन्ट्रेरासवर १७ घातले. दोघंही दमदार, मी निर्धास्त.

७ मे, मंगळवार. न्यू जर्सीत राहतो त्यामुळे न्यूयॉर्क मेट्सचा सामना टीव्हीवर असतोच. सेंट लुईसमध्ये मेट्सच्या जे.डी. मार्टिनेझने बॅट फिरवली आणि ती मागे बसलेल्या कॉन्ट्रेरासच्या हातावर बसली. हाताचं हाड मोडलं. खालून येणारा चेंडू पंचाला योग्य उंचीचा, म्हणजे स्ट्राइक, वाटावा म्हणून हल्ली कॅचर बॅटरच्या फार जवळ सरकून बसतात, त्याचा हा प्रसाद. तो कळवळत होता आणि मी फोनवर मोकळे (लीगमध्ये कोणाच्याच टीममध्ये नसलेले) कॅचर शोधत होतो. याची लाज वाटते, पण खरं ते खरं.

खरी अडचण पुढे होती. जखमींसाठी आमच्याकडे दोनच जागा. एकीत एक पिचर (बेसबॉलचा गोलंदाज), दुसरीत अटलांटाचा पिचर स्पेन्सर स्ट्रायडर. स्ट्रायडरचं एप्रिलमध्येच कोपराचं ऑपरेशन होऊन मोसम संपला होता आणि पुढच्या वर्षी खेळाडू राखण्याची सोय आमच्या लीगमध्ये नाही. तरी महागाचा म्हणून मी त्याला धरून बसलो होतो. मग कॉन्ट्रेरास गेला बेंचवर. बेंचच्या चार खुर्च्या, त्यातली एक अशी अडली. कॉन्ट्रेरासच्या जागी कार्डिनल्सचाच इव्हान हेरेरा आणला. शिवाय भीतीपोटी आणखी एक कॅचर बेंचवर ठेवला. दोन जागांसाठी चार कॅचर! त्याच आठवड्यात एक चांगला क्लोझर (सामना संपवायला शेवटी येणारा पिचर) मोकळा झाला, तर त्याला ठेवायला माझ्याकडे खुर्चीच नव्हती.

हा भीतीचा कॅचर किती महाग पडतो, ते एका रविवारी कागदावर मांडलं. एका टीमच्या चौदा बॅटरचे मिळून मोसमात अंदाजे ७,००० अ‍ॅट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधी) होतात. टीमची सरासरी, म्हणजे दर अ‍ॅट-बॅटमागे हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं), ०.२५८ धरा. त्यातले ३५० अ‍ॅट-बॅट ०.२०० वाल्या कॅचरने खाल्ले, तर वीसेक हिट्स कमी पडतात आणि टीमची सरासरी जवळजवळ तीन पॉइंटांनी (०.००३) घसरते. आमच्या लीगमध्ये तेवढ्यात सरासरीच्या यादीतले दोन क्रमांक जातात. कॅचरची जागा रिकामी राहिली तर होमर (बेसबॉलचे सिक्सर) आणि रन बुडतात, पण सरासरीला धक्का लागत नाही. म्हणजे एखाद्या दुपारी दुसरा कॅचर बसलेला असेल तर बसू दे. त्या एका दुपारसाठी अख्खा मोसम तिसरा पोसणं म्हणजे उधळपट्टी. बेंचवरचा तो कॅचर त्याच रात्री सोडला.

आणि जूनमध्ये रिअलम्यूटोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आमच्या लीगच्या ग्रुपवर त्या दिवशी माझ्या नावाने जे विनोद झाले, ते इथे लिहीत नाही. आता मात्र स्ट्रायडरला सोडला. दीड महिना उशिराच. रिअलम्यूटो त्या जागेवर गेला आणि दुसरा कॅचर म्हणून मी ओकलंडचा शे लँगेलियर्स घेतला. त्याने त्या वर्षी २९ होमर मारले, सरासरी ०.२२४. म्हणजे नुसता वाईट कॅचर आणि सरासरी खाऊन होमर देणारा कॅचर, हे दोन वेगळे प्राणी आहेत. माझ्या रविवारच्या कागदावर हा रकाना नव्हता. जूनच्या शेवटी कॉन्ट्रेरास परतला, जुलैत रिअलम्यूटो. मी पाचवा आलो.

२०२५ च्या लिलावात कॉन्ट्रेरास पुन्हा घेतला, या वेळी हिशेबाने. कार्डिनल्सने त्याला फर्स्ट बेसवर (जिथे कॅचरसारखं वाकून बसावं लागत नाही) हलवलं होतं, पण आदल्या वर्षीच्या सामन्यांमुळे आमच्या नियमांत तो अजून कॅचरच होता. गुडघे वाचले, दुपारची सुट्टी गेली, आणि माझी कॅचरची जागा जवळजवळ रोज भरलेली. या युक्तीवर मी इतका खूश होतो की सिअ‍ॅटलच्या कॅचर कॅल रॅलीचं नाव पुकारलं तेव्हा आदल्या वर्षीच्या ३४ होमरच्या शेजारी ०.२२० दिसलं, वीस हिट्सचा कागद आठवला आणि बोली थांबवली.

रॅलीने त्या मोसमात ६० होमर मारले. कॅचरांमधला आधीचा विक्रम साल्वाडोर पेरेझचा, ४८. रॅलीला घेणारा माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो. सप्टेंबरभर त्याने डब्यात रोज माझ्यासाठी एक लाडू जास्तीचा आणला.