गावं ओस का पडतात? तुम्ही विचारलंत म्हणून

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहतो हे कळलं की गावाकडचे शेतकरी नातेवाईक हमखास विचारतात, "इतकी काळी, कसदार जमीन, मग तिकडची गावं ओस कशी पडली? पाऊस दगा देतो की कर्ज नडतं?"

कर्ज नडलंच. १९८० च्या दशकात कितीतरी शेतं लिलावात गेली. पण मूळ कारण त्याच्या आधीचं आहे, आणि त्यासाठी कून रॅपिड्सची गोष्ट सांगावी लागते.

मिडल रॅकून नदीकाठचं हे तेराशेएक वस्तीचं गाव. १९३० च्या सुमारास रॉझवेल गार्स्ट नावाचा शेतकरी इथं हेन्री वॉलेसच्या (हाच पुढं अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला) कंपनीचं संकरित मक्याचं बियाणं तयार करून विकू लागला. दिवस मंदीचे, शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही. गार्स्ट बियाणं तसंच देई आणि जुन्या बियाण्यापेक्षा जे जास्तीचं पिकेल त्यातला अर्धा वाटा घेई. आपल्याकडं संकरित ज्वारी आली त्याच्या तीसेक वर्षं आधीची ही गोष्ट. बियाण्याच्या शेतात मादी ओळींचे (ज्यांवर बी धरायचं त्यांचे) तुरे पराग सुटायच्या आत खुडावे लागतात. भर जुलैच्या उकाड्यात, पानांनी हात कापून घेत, शाळकरी पोरं ते काम करत आली. इथल्या कित्येकांची पहिली कमाई तीच.

१९५५ मध्ये गार्स्ट सोव्हिएत संघात जाऊन आला, त्यांना बियाणं विकलं, आणि २३ सप्टेंबर १९५९ ला खुद्द सोव्हिएत नेता निकिता ख्रुश्चेव त्याचं शेत बघायला आला. बातमीदारांची इतकी झुंबड उडाली की वैतागलेल्या गार्स्टनं त्यांच्यावर मुरघास (गुरांचा मुरवलेला चारा) फेकला. लोकांना तेवढंच आठवतं. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानं पाहुण्याला काय दाखवलं: थोड्या माणसांत पिकवलेलं भरपूर धान्य.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. संकरित मक्याचं ताट लोळत नाही, ताठ उभं राहतं, म्हणून कणसं यंत्रानं काढता आली आणि एकेक शेतकरी जास्त जमीन कसू लागला. पुढं रासायनिक खत स्वस्त झालं. एकरी चाळीसेक बुशेल (मक्याचं एक बुशेल म्हणजे सुमारे पंचवीस किलो) देणारी जमीन आज दोनशेच्या घरात देते. आयोवात १९५० ला दोन लाखांवर शेतं होती. २०२२ च्या शेतीगणनेत ८७ हजारांच्या आसपास उरली. मोडलेल्या प्रत्येक शेताबरोबर दुकानाचं एक गिऱ्हाईक गेलं, शाळेतली दोन-चार मुलं गेली. कून रॅपिड्सची शाळा शेजारच्या बेयार्डशी जोडलेली आहे. पीक बुडालं म्हणून ही गावं ओसरली नाहीत, पीक साधलं म्हणून ओसरली. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यात कुणाचा आळस नव्हता.

गार्स्ट घराण्यानं पुढं मोठी जमीन निसर्गरक्षणासाठी दिली. ती व्हाइटरॉक संस्था आज ५,००० एकरांहून जास्त जमीन सांभाळते, आणि ख्रुश्चेव आला होता त्या घरात पाहुण्यांना राहता येतं. तुम्ही आलात की तिथंच मुक्काम करू. चार एकर कोरडवाहूवर सहा माणसं जगवणाऱ्या तुम्हाला, हजार एकर जवळजवळ एकट्यानं कसणारा शेतकरी बघून काय वाटतं, ते मला ऐकायचंय.