मतं कमी, जागा ढीगभर
काल दादरला लोकलची वाट बघत होते, मोबाईलवर ब्रिटनच्या 2024 च्या निकालाचे आकडे परत काढले आणि डोकंच फिरलं. लेबर पार्टीला मतं साधारण 34 टक्के आणि 650 पैकी जागा 411, म्हणजे मत देणाऱ्या दर तिघांतल्या दोघांनी दुसऱ्यांना मत दिलं तरी लेबरचे नेते स्टार्मर पंतप्रधान झाले! रिफॉर्म या दुसऱ्या पक्षाला मतं 14 टक्के, जागा 5. अमेरिकेत 2016 ला हिलरींना 28 लाखांवर मतं जास्त पडली तरी ट्रम्प जिंकले, कारण तिथे इलेक्टोरल कॉलेजची, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची, 270 मतं गाठली की झालं. आपण लोकसभेला ब्रिटनचीच पद्धत, म्हणजे मतदारसंघात ज्याला सर्वात जास्त मतं तो जिंकला आणि बाकीची मतं वाया, ही घेतलीय आणि ती बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं, आई गुडघे दुखत असताना काठी टेकत उन्हात तासभर रांगेत उभी राहते ना मतासाठी, ते वाया जायला नको.