रापणीतली मुशी आणि एका नावाचा अर्ज

कापलेल्या जाळ्याच्या भरपाईचा अर्ज परत आला तेव्हा टेबलापलीकडचे साहेब मला अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, जाळ्याचा मालक एक दाखवा. बाकी सगळं बरोबर आहे." रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याला, एक मालक नसतो, हे त्यांना कसं समजावायचं ते मला काही केल्या सुचेना.

मी मालवण तालुक्यात सागरमित्र आहे. नावावरून लोकांना वाटतं की ही बाई दिवसभर कासवं सोडत असेल. खरं काम कागदांचं: बंदरावर उतरलेल्या मासळीच्या नोंदी, किसान क्रेडिट कार्डाचे अर्ज, वादळाचे इशारे ग्रुपवर टाकणं. त्यातच राज्यात डिसेंबर 2018 पासून सुरू असलेली एक योजना येते. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त 25,000 रुपये मिळतात. फोटो किंवा व्हिडिओ हवाच. म्हणून गावच्या बैठकीत मी सांगत असते की आधी मोबाईल काढा, मग सुरी.

त्या दिवशी नाताळची सुट्टी होती आणि किनारा पर्यटकांनी फुललेला. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: होडी जाळं टाकत समुद्रात मोठं अर्धवर्तुळ घेते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडून माणसं ओढत ओढत जवळ सरकतात. जाळं एकसंध दिसतं, पण ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं असतं आणि तुकडे वेगवेगळ्या घरांचे. मासळीचे वाटे त्या हिशोबाने पडतात. आमच्या या रापणीत एक तुकडा एका विधवा काकींचा आहे. त्या दोर ओढत नाहीत, पण जाळ्याचा वाटा त्यांना मिळतो आणि त्यावर आजवर कुणी हूं की चूं केलेलं नाही.

दोर अर्धे आले आणि जड झाले. बांगडा भरपूर लागला म्हणून पोरं ओरडायला लागली, तोच पाण्यातून पाठ वर आली. काळपट, तिच्यावर पांढरे ठिपके. रापणीचे म्होरके, तांडेल तात्या म्हणाले, "मोठी मुशी हा." मुशी म्हणजे शार्क. ही व्हेल शार्क होती, पंधरा-सोळा फुटांची, पेडव्यांच्या, म्हणजे बारीक मासळीच्या, थव्यामागून आत शिरली असावी.

व्हेल शार्क माणसाला काही करत नाही. जगातला हा सर्वांत मोठा मासा प्लवक आणि बारीक मासळी गाळून खातो. पण 'शार्क' म्हटल्यावर पोहणारे बाहेर पळाले आणि बाहेरचे मोबाईल घेऊन आत शिरले. आदल्या रात्री मोरीचं, म्हणजे शार्कचंच, मटण चापून खाल्लेलेच काहीजण 'वाचवा, वाचवा' करत होते. एकाने मला विचारलं, "हिला खातात का?" ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधली आहे, 2001 पासून, असं मी सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे महाग असणार."

मी व्हिडिओ सुरू केला. ठिपके मला नीट हवे होते. व्हेल शार्कची ओळख तिच्या ठिपक्यांवरून पटते: डाव्या बाजूला, कल्ल्यांच्या पाच फटी संपतात त्याच्या लगेच मागचा भाग. तिथली रचना प्रत्येकीची वेगळी असते. तोच जीव उद्या गुजरातेत वेरावळला दिसला तर जुळवता येतो. मुशीचं तोंड उत्तरेला होतं, म्हणजे किनाऱ्याकडे उजवी बाजू. शेसव्वाशे मोबाईल आणि सगळ्यांत उजवीच बाजू! मी छातीभर पाण्यात पलीकडे जायला निघाले, तसे तात्या ओरडले, "अगो, तुझो फोटो होयपर्यंत ता मरात! सोड तो मोबाईल, जाळा धर!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. ओढलेल्या जाळ्यात ती जागची हलू शकत नव्हती, आणि हललीच नाही तर कल्ल्यांवरून पुरेसं पाणी जात नाही. वाळूत टेकली तर आणखी वाईट, कारण आत हाडं नाहीत, कुर्चा आहे. स्वतःच्याच वजनाखाली चिरडते. दोन पर्यटक शेपटीला दोर बांधून होडीने खेचायला सांगत होते. उलटं खेचलं की पाणी कल्ल्यांत चुकीच्या दिशेने शिरतं. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. किनाऱ्याकडचे दोर सैल सोडायला लावले, समुद्राकडचं जाळं दोन जागी उभं कापलं, तरंगणारा काठ चौघांनी पाण्याखाली दाबला आणि बाकीच्यांनी तिला डोक्याकडून हळूहळू पश्चिमेला वळवलं. कल्ल्यांना हात लावायचा नाही, हे मी बैठकीत सांगितलं होतं. पण बाकीचं त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. ती निघाली आणि तिच्यामागून त्या दिवसाची सगळी मासळीही निघाली. त्या मासळीची भरपाई नाही, भरपाई फक्त जाळ्याची. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिवे लावून मासळी ओढणाऱ्यांनी किनाऱ्यालगत आधीच काही ठेवलेलं नाही, त्यात हा दिवस गेला. तरी जाळं कापू नका असं एकानेही म्हटलं नाही.

माझ्या व्हिडिओत फेस आणि पाय. डाव्या बाजूचा एकच स्वच्छ फोटो निघाला, तात्यांच्या नातवाने होडीवरून काढलेला. जाळ्यातल्या मुशीचा उत्तम व्हिडिओ पुण्याच्या एका काकूंनी पाठवला. तोच अर्जाला जोडला. संध्याकाळी स्कूबावाला घरी आला. बातमीत 'शार्क' लिहू नका, बुकिंगं रद्द होतात म्हणाला. तासाभराने त्याच्याच पेजवर 'आमच्या बीचवर व्हेल शार्क' अशी पोस्ट पडली होती.

मग अर्ज. होडीची नोंदणी एकाच्या नावावर आहे, म्हणून आमच्या टेबलाने अर्जदार त्यालाच करायला सांगितलं. तो म्हणतो, "माझो एकपण तुकडो फाटलो नाय, मी कित्याक पैसे घेव?" फाटलेले तुकडे दोघांचे: एक तात्यांच्या चुलतभावाचा, दुसरा त्या विधवा काकींचा. काकींच्या नावावर ना होडी, ना परवाना. रापण संघाच्या नावाने अर्ज दिला, तर संघाचं नोंदणीपत्र मागितलं. ही रापण तात्यांच्या आजोबांच्या आधीपासून ओढली जातेय. नोंदणी कुणी कशाला करेल? साहेबांनाही दोष कसा द्यायचा? नाव नसेल तर पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे, हे त्यांना वरचे विचारणार. तरी ज्या किनाऱ्यावर जाळं वीस-बावीस घरांचं असतं, तिथे एका नावाचा रकाना ज्याने आखला, त्याने रापण कधी ओढलेली नसणार, एवढं मी पैजेवर सांगते.

संघाच्या बैठकीत एक ठरलं: पुढच्या वेळी फोटोचं काम होडीवरच्या पोराचं, मी जाळं धरायचं. सोमवारी पुन्हा अर्ज देतेय. नाव होडीमालकाचं, मागे सगळ्या वाटेकऱ्यांचं संमतिपत्र. काकींनी अंगठा दिला, चुलतभावाने सही केली. होडीमालक मात्र अडून बसलाय. पैसे त्याच्या खात्यात येणार, वाटून झाले तरी किती आले आणि किती दिले यावरून वर्षभर गावात कुजबुज होणार, हे त्याचं म्हणणं. मी त्याची समजूत घालतेय खरी, पण तो चुकीचं बोलतोय असं मला वाटत नाही.